इंडोनेशियन भाषेत निरोप घ्यायचा कसा

इंडोनेशियन शिकायला घेतली की पहिल्या आठवड्यातच 'सलामात तिंगाल' हे दोन शब्द भेटतात आणि समोर अर्थ लिहिलेला असतो, 'निरोप'. अर्थ चुकीचा नाही. पण संध्याकाळी ऑफिसमधून निघताना, दुकानातून बाहेर पडताना किंवा कुणाच्या घरून उठताना इंडोनेशियन माणूस हे शब्द जवळजवळ कधीच उच्चारत नाही. त्यात कायमचं सोडून जाण्याची छटा आहे. नातं तुटताना किंवा गाव सोडून दूर देशी जाताना ते शोभतात. रोजच्या सहकाऱ्याला सहा वाजता 'सलामात तिंगाल' म्हटलंत, तर नोकरी सोडली की काय असं त्याला वाटेल.

ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपणही दारातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. इंडोनेशियनमध्ये हेच काम 'दुलू' हा छोटासा शब्द करतो. त्याचा अर्थ 'आधी' किंवा 'तूर्तास'. 'साया पुलाङ दुलू' म्हणजे 'मी तूर्तास घरी निघतो', आणि त्यात पुन्हा भेट होणार हे गृहीत असतं. निरोपाचे बाकी सगळे शब्द या 'दुलू'भोवती बसवता येतात, म्हणून पाठांतराची सुरुवात त्याच्यापासून करावी.

आधी उच्चार

इंडोनेशियन रोमन लिपीत लिहितात आणि स्पेलिंग बहुतांशी उच्चाराबरहुकूम असतं. इथे शब्द देवनागरीत दिले आहेत, ते वाचताना चार-पाच गोष्टी सांभाळा.

रोमन 'ई' या अक्षराचे दोन उच्चार आहेत. एक आपल्या 'अ'सारखा, दुसरा 'ए'सारखा, आणि छापील मजकुरात दोन्ही सारखेच दिसतात. 'सलामात'मधला पहिला स्वर 'अ' आहे, तोही इतका पुसट की वेगात 'स्लामात' असंच ऐकू येतं. स्पेलिंग पाहून 'सेलामात' म्हणणं ही नवशिक्यांची सर्वांत जास्त होणारी चूक. 'बेसोक' म्हणजे 'उद्या', त्यात मात्र खरोखरच 'ए' आहे. कुठे कोणता, हे शब्दागणिक कानानेच शिकावं लागतं.

'आ' लिहिला असला तरी तो मराठीइतका लांबवायचा नाही. आघात साधारणपणे शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो आणि तोही हलका.

'ज' आणि 'च' हे मराठी जिभेचे खास सापळे आहेत, कारण आपल्याकडे दोन्हींचे दोन-दोन उच्चार आहेत. 'जालान'मधला 'ज' हा 'जीव'मधला आहे, 'जाळं'मधला नव्हे. 'चाबुत'मधला 'च' हा 'चार'मधला, 'चाक'मधला नव्हे. जुन्या पाट्यांवर 'जालान' हा शब्द 'डी-जे'ने सुरू झालेला दिसला तर गोंधळू नका. 1972 च्या लेखनसुधारणेआधी 'ज' तसाच लिहीत.

शब्दाच्या शेवटी आलेला 'क' घशातच तोडायचा: पाक, काक, म्बाक, बेसोक. 'पाक' ऐकताना तुम्हाला 'पा' म्हणून कुणी एकदम थांबलं असं वाटेल. शेवटच्या 'त'ला जीभ दातांना टेकवून तिथेच ठेवायची, हवा सोडायची नाही. उलट शेवटचा 'ह' गाळायचा नाही: कासिह, सुदाह, दादाह. आणि 'पुलाङ', 'सियाङ' यांच्या शेवटी 'गंगा' म्हणताना पहिल्या 'ग'नंतर नाकात जो आवाज येतो तेवढाच हवा, पुढचा 'ग' नको. 'तिंगाल'मध्ये मात्र नाकातला आवाज आणि 'ग' दोन्ही स्पष्ट येतात.

राहणारा कोण, जाणारा कोण

'सलामात' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. 'सहीसलामत'मधला सलामत तो हाच, दोन्हीकडे अरबीतून आलेला. 'तिंगाल' म्हणजे राहणं, 'जालान' म्हणजे रस्ता किंवा चालणं. यावरून नियम आपोआप निघतो. जाणारा माणूस राहणाऱ्याला 'सलामात तिंगाल' म्हणतो, म्हणजे सुखरूप राहा. राहणारा जाणाऱ्याला 'सलामात जालान' म्हणतो, म्हणजे सुखरूप जा. दोघेही आपापल्या वाटेने निघाले असतील, तर दोघांनीही 'सलामात जालान'च म्हणायचं, कारण मागे कुणीच राहत नाही.

उलटसुलट होत असेल तर रस्त्यावरच्या कमानी आठवा. इंडोनेशियात शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या वेशीवर कमान असते. आत येताना तिच्यावर 'सलामात दाताङ' दिसतं, म्हणजे स्वागत, आणि बाहेर पडताना 'सलामात जालान'. कमान जागची हलत नाही, तुम्ही हलता, म्हणून ती तुम्हाला 'जालान' म्हणते. 'दाताङ' म्हणजे येणं. जकार्तात हॉटेल इंडोनेशियासमोरच्या चौकात उंच खांबावर हात उंचावून उभं असलेलं स्त्री-पुरुषाचं शिल्प आहे, 1962 च्या आशियाई खेळांच्या वेळचं. त्याचं नावच 'सलामात दाताङ' स्मारक.

आता इशारा. 'सलामात जालान' प्रवासाला निघालेल्या माणसाला तोंडी म्हणायला काहीच हरकत नाही. पण लेखी, विशेषतः समाजमाध्यमांवर, एखाद्याच्या नावाआधी किंवा फोटोखाली 'सलामात जालान' लिहिलं की वाचणारा पहिल्यांदा एकच अर्थ घेतो: हा माणूस गेला. शेवटच्या प्रवासाचा निरोप याच शब्दांनी देतात. त्यामुळे बदली होऊन जाणाऱ्या सहकाऱ्याच्या कार्डावर हे शब्द लिहू नका. तिथे 'सलामात बर्तुगास दी तम्पात याङ बारू' लिहा, म्हणजे नव्या जागी कामासाठी शुभेच्छा, किंवा सरळ 'सुक्सेस सलालू', सदैव यश मिळो.

रोज खरंच काय म्हणतात

साचा असा: आधी 'मी', मग क्रिया, मग 'दुलू', मग हवं तर 'या', आणि शेवटी समोरच्याचं संबोधन.

'साया पामित दुलू, बू.' हे एक वाक्य पक्कं करा. 'पामित' म्हणजे निरोप मागणं, रजा घेणं. घरी, ऑफिसात, लग्नसमारंभात, शिक्षकांसमोर, कुठेही चालतं. 'साया' हा 'मी'चा सभ्य प्रकार, मित्रांत 'आकू'. 'आकू पुलाङ दुलू या' म्हणजे 'मी निघतो गं घरी', बरोबरीच्यांसाठी. 'साया पर्मिसी दुलू, पाक' जरा औपचारिक आहे. कामापुरती भेट झाली, कुणाच्या केबिनमधून उठायचं आहे, अशा वेळी ते बसतं. 'पर्मिसी' डच भाषेतून आला, अर्थ 'परवानगी'. वरिष्ठांकडे 'साया इझिन पुलाङ दुलू, पाक' असंही म्हणतात. 'इझिन' म्हणजेही परवानगीच. नुसतं कळवण्याऐवजी विचारल्यासारखं बोलणं हा या सगळ्या शब्दांमागचा धागा आहे.

बाकीचे बसलेले असताना तुम्ही एकटेच निघत असाल तर 'दुलुआन या'. याला मराठीत हुबेहूब शब्द आहे: 'पुढे होतो हं'. ऑफिस सुटताना, खानावळीत ओळखीच्या टेबलाजवळून जाताना, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला, सगळीकडे हे दोन शब्द पुरतात. उत्तर येतं, 'इया, हाती-हाती', म्हणजे 'हो, जपून'.

ते वाक्याच्या शेवटचं 'या' मराठी 'या' नव्हे. ते आपल्या 'हं'सारखं आहे, किंचित चढ्या सुरात म्हणायचं. ते गाळलं तर व्याकरण बिघडत नाही, पण वाक्य रुक्ष होतं.

जकार्ताच्या तरुणांत 'गुए चाबुत दुलू या' ऐकू येतं. 'गुए' म्हणजे 'मी', 'चाबुत' म्हणजे उपटणं, सगळं मिळून 'मी सटकतो'. हे समजावं, पण ओळख घट्ट झाल्याशिवाय वापरू नये. आणि 'दादाह' हा हात हलवून करायचा निरोप आहे, डच 'दाख'वरून आलेला, मुलांसाठी आणि जिवलग मित्रांसाठी. ऐंशीच्या घरातल्या यजमानांना तो नको.

शब्दशः भाषांतर करून 'साया पर्गी' म्हणू नका. 'मी जातो' एवढाच त्याचा अर्थ होतो आणि भांडण करून उठल्यासारखं वाटतं. त्यालाही 'दुलू या' जोडलं की ठीक होतं. आपल्याच घरातून कामाला निघताना मागे राहिलेल्यांना 'साया पर्गी दुलू या' असं म्हणतातच.

'हाती-हाती'बद्दल थोडं

कुणी निघालं की राहणाऱ्याच्या तोंडून हमखास येणारे शब्द म्हणजे 'हाती-हाती दी जालान', रस्त्याने सांभाळून जा. 'हाती' हा शब्द मराठीत नेमका 'काळीज' आहे. शरीरातलं यकृतही तोच आणि भावनांचं घरही तोच. दोनदा म्हटला की 'जपून'. 'सलामात जालान'पेक्षा रोजच्या वापरात हा शब्दप्रयोग कितीतरी जास्त ऐकू येतो आणि त्यात कसलीही अशुभ छटा नाही. टॅक्सीतून उतरताना चालकालाही 'तरीमा कासिह, पाक, हाती-हाती', म्हणजे 'धन्यवाद, जपून जा', म्हणता येतं. इथे जाणारा तो आहे.

संबोधनाशिवाय निरोप अपुरा

निरोपाचं वाक्य संबोधनावर संपायला हवं. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या पुरुषाला 'पाक', स्त्रीला 'बू'. पूर्ण रूपं 'बापाक' आणि 'इबू', अर्थ वडील आणि आई. जावात तरुण पुरुषाला 'मास', तरुणीला 'म्बाक'. जकार्तात आणि सुमात्राच्या बऱ्याच भागांत पुरुषाला 'बाङ'. सुंदा भागात, म्हणजे बांडुंगकडे, 'काङ' आणि 'तेह'. बालीत 'ब्ली' आणि 'म्बोक'. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांत 'उदा' आणि 'उनी'. स्त्री-पुरुष दोघांना चालणारं आणि कुठेही न खटकणारं हवं असेल तर 'काक'. मित्राच्या आईवडिलांना शहरांत 'ओम' आणि 'तान्त' म्हणतात, हे दोन्ही डचमधून आले.

'तू' किंवा 'तुम्ही' अशा अर्थाचे 'कामू' आणि 'आन्दा' मोठ्या माणसांना लावू नका. 'आन्दा' पुस्तकात आदरार्थी म्हणून शिकवतात, पण समोरासमोर ते जाहिरातीसारखं परकं वाटतं. जिथे 'तुम्ही' म्हणावंसं वाटेल तिथे 'बापाक' किंवा 'इबू' ठेवा.

'साम्पाइ' आणि पुढची भेट

'साम्पाइ' म्हणजे 'पर्यंत'. 'साम्पाइ जुम्पा' म्हणजे भेटेपर्यंत. 'लागी' जोडलं की 'पुन्हा भेटेपर्यंत'. 'जुम्पा' मध्यम सुरातला, 'साम्पाइ बर्तमू लागी' औपचारिक, 'साम्पाइ कतमू लागी' घरगुती. बोलण्यात 'साम्पाइ'चं 'साम्पे' होतं. उत्तर म्हणून तेच शब्द परत करायचे.

पुढे वेळ जोडता येते आणि खऱ्या चुका तिथे होतात. 'साम्पाइ नान्ती' आज किंवा लवकरच पुन्हा भेट होणार असेल तेव्हाच. महिनाभरासाठी जाणाऱ्याला ते म्हटलं तर तो संध्याकाळी वाट पाहील. 'साम्पाइ बेसोक', उद्या भेटू. पण बोलण्यात, विशेषतः जावात, 'बेसोक' सैलपणे 'पुढे कधीतरी' या अर्थानेही येतो, म्हणून काम ठरवताना वाराचं नाव घ्या. परवासाठी 'लुसा'.

'मिंग्गू' म्हणजे आठवडा आणि 'मिंग्गू' म्हणजेच रविवार. लिहिताना वाराचं पहिलं अक्षर मोठं असतं, बोलताना त्याचा उपयोग शून्य. 'साम्पाइ जुम्पा मिंग्गू दपान' हे 'पुढच्या आठवड्यात भेटू' असं ऐकलं जातं. रविवारच म्हणायचा असेल तर 'हारी मिंग्गू' म्हणा. 'हारी' म्हणजे दिवस.

याहून मोठी फसगत वेळेत होते. 'जाम सतङाह दलापान' याचा शब्दशः अर्थ 'अर्धा आठ' आणि मराठी कान त्याचे साडेआठ करतो. ते साडेसात आहेत. इंडोनेशियन माणूस पुढच्या तासाकडे जाणारा अर्धा मोजतो. निघता निघता वेळ ठरवलीत तर 'तुजुह तिगा पुलुह', म्हणजे सात-तीस, असं परत विचारून घ्या. शिवाय देशात तीन प्रमाणवेळा चालतात. जकार्तात सकाळचे आठ वाजतात तेव्हा बाली आणि मकास्सरमध्ये नऊ आणि जयपुरात, म्हणजे पापुआतल्या जयपुरा शहरात, दहा. फोनवरच्या निरोपात 'उद्या नऊला' म्हणाल तर वेळेमागे 'वेइबे', 'विता' किंवा 'वित' यांपैकी एक जोडा. पश्चिम, मध्य आणि पूर्व विभागांची ती लघुरूपं आहेत.

आणि 'कापान-कापान माइन लागी या', पुन्हा कधीतरी या. 'माइन' म्हणजे खेळणं, इथे सहज घरी येणं. या शब्दांत आपुलकी खरी असते, पण ते आमंत्रण नव्हे. खरं आमंत्रण असलं की त्यात वार येतो.

कुणाच्या घरून उठताना

इथे घाई सर्वांत वाईट. एकदम उभं राहून 'साया पामित' म्हटलं तर यजमानांना आपलं काही चुकलं असं वाटतं. समोर चहा किंवा सरबत ठेवलेलं असेल तर यजमान 'सिलाकान दिमिनुम', म्हणजे 'घ्या ना', म्हणेपर्यंत थांबायचं, आणि पेला न उष्टावता मात्र निघायचं नाही. दोन घोट पुरतात.

मग पहिलं वाक्य निरोपाचं नसतंच, वेळेचं असतं. संभाषण साधारण असं चालतं:

'वाह, सुदाह सोरे, बू.' अरे, संध्याकाळ झाली की.

'ल्हो, कोक बुरू-बुरू? माकान दुलू.' इतकी काय घाई? आधी जेवा. तोच 'दुलू' आता तुम्हाला थांबवायला वापरला आहे.

'तरीमा कासिह, बू, लाइन काली साजा.' धन्यवाद, पुढच्या वेळी नक्की.

इथे क्षणभर थांबा. आग्रह दुसऱ्यांदा होईल. नकार देताना सरळ 'तिदाक', म्हणजे 'नाही', वापरू नका. 'लाइन काली' पुन्हा म्हणा, हसून.

'साया पामित दुलू या, बू. तरीमा कासिह बान्याक. माआफ मरेपोत्कान.' निघतो, खूप धन्यवाद, तुम्हाला त्रास दिला, माफ करा. 'माआफ' मधला 'मा' आणि 'आफ' वेगळे उच्चारायचे.

'आह, तिदाक रेपोत, कोक. कापान-कापान माइन लागी या.' छे, त्रास कसला.

'इया, बू. तितिप सालाम उन्तुक बापाक.' साहेबांना नमस्कार सांगा. 'तितिप' म्हणजे कुणाकडे काही सोपवणं, म्हणजे सलाम त्यांच्या हाती सोपवायचा. 'बापाक' इथे त्या बाईंचे पती.

'इया, नान्ती साया साम्पाइकान. हाती-हाती दी जालान.' हो, पोचवते. रस्त्याने जपून.

'मारी, बू.'

'मारी, मारी.'

'मारी'चा मूळ अर्थ 'चला' किंवा 'या'. दारातल्या शेवटच्या क्षणी, किंचित मान झुकवून तो म्हणायचा. जावातल्या माणसाच्या तोंडी त्याचा 'मोंग्गो' होतो, सुंदा भागात 'मांग्गा'. हा शब्द कानाला नवीन असल्यामुळे बाहेरचे लोक 'ते मला परत आत बोलावत आहेत' असं समजून वळतात. वळायची गरज नाही, तोच निरोप आहे.

यानंतर यजमान फाटकापर्यंत येतील आणि तुम्ही दिसेनासे होईपर्यंत उभे राहतील. एकदा मागे वळून मान हलवा.

हात, मान आणि वाट

घरात वडीलधारी माणसं असतील तर निघण्याआधी प्रत्येकाचा वेगळा निरोप घ्यायचा, सर्वांना मिळून एक हात हलवून नाही. लहानांनी मोठ्यांचा निरोप 'सालिम' करून घ्यायचा असतो. मोठ्यांचा उजवा हात आपल्या हातात घ्यायचा, कमरेतून वाकायचं आणि त्यांच्या हाताची पाठ आपल्या कपाळाला किंवा नाकाला टेकवायची. स्पर्श हलका, क्षणभराचा. हात ओढून वर आणायचा नाही, आपण खाली जायचं. मित्राच्या आजी-आजोबांना पाहुण्याने सालिम केला तर त्यांना मनापासून आवडतं. बरोबरीच्या माणसाला करू नये, तो ओशाळतो.

इतरांशी हस्तांदोलन, तेही सैल पकडीचं, आणि नंतर उजवा हात छातीशी न्यायचा. डावा हात पुढे करू नका. भिन्नलिंगी व्यक्तीने आपले तळवे छातीपाशी जोडले तर तुम्हीही तेच करा, तिला हस्तांदोलन नको आहे. यात अपमान नाही.

जमिनीवर अंथरलेल्या चटईवर मंडळी बसली असतील आणि त्यांच्यासमोरून दाराकडे जायचं असेल, तर ताठ चालत जाऊ नका. पाठ वाकवा, उजवा हात खाली जमिनीच्या दिशेने पुढे धरा आणि हळू पावलांनी 'पर्मिसी, पर्मिसी' म्हणत सरका. जावात 'नुवुन सेवू', सुंदा भागात 'पुन्तन'. हे नीट केलंत तर शब्द कमी पडले तरी चालतात.

धर्म आणि प्रदेश

मुस्लिम घरातून निघताना शेवटी 'आस्सालामुआलाइकुम' म्हणतात. भेटतानाचे शब्दच जातानाही. उत्तर 'वाआलाइकुमसालाम'. भाषणाच्या किंवा सभेच्या अखेरीस लांब रूप येतं आणि ते 'वास्सालामुआलाइकुम' असं सुरू होतं. दुसऱ्या धर्माच्या पाहुण्याने ते म्हणायलाच हवं असं नाही, 'मारी' पुरेसं आहे. बालीत हिंदू वक्ता भाषण 'ओम स्वास्तियास्तू'ने उघडतो आणि 'ओम शान्ती शान्ती शान्ती ओम'ने मिटतो. तिथल्या घरून निघताना 'मापामित' ऐकू येईल, तोच 'पामित', बालीच्या रूपात.

देशात सातशेहून अधिक भाषा बोलल्या जातात, त्यामुळे प्रत्येक गावचा निरोप पाठ करायला जाऊ नये. जिथे राहणार आहात तिथला एक शब्द उचला, बाकी इंडोनेशियन सगळीकडे समजते.

आजारी माणूस, दुःखाचं घर, लांबचा निरोप

रुग्णाला भेटून निघताना 'समोगा लकास सम्बुह', लवकर बरे व्हा. त्याच्याजवळ 'सलामात तिंगाल' नको, 'सलामात जालान' तर चुकूनही नाही. झोपायची वेळ झाली असेल तर 'सलामात इस्तिराहात', विश्रांती घ्या, हे चालतं.

मृत्यू झालेल्या घरून निघताना 'साया पामित दुलू, बू. याङ ताबाह या.' धीर धरा. 'साम्पाइ जुम्पा' म्हणत नाहीत.

बदली, परदेशी शिक्षण, हजयात्रा अशा लांबच्या निरोपात माफी मागण्याची रीत आहे: 'मोहोन माआफ कालाउ आदा सालाह', काही चुकलं असेल तर क्षमा असावी. खरंच काही चुकलेलं असायला हवं असं नाही. हे वाक्य गाळलं तर निरोप अर्धवट वाटतो. त्याचं मोठं भावंड 'मोहोन माआफ लाहिर बातिन', म्हणजे बाहेरून आणि अंतःकरणातून घडलेल्या चुकांची क्षमा, मुख्यतः ईदच्या दिवसांचं आहे.

फोन, चॅट, पत्र

फोन ठेवताना 'सुदाह दुलू या', आता पुरे करू या. त्यावर 'नान्ती साया तेलेपोन लागी', म्हणजे 'नंतर पुन्हा फोन करतो', जोडलं की तुटकपणा जातो. कामाच्या फोनवर शेवट वेळेच्या शब्दाने होतो: 'तरीमा कासिह, सलामात सियाङ'. साधारण अकरापर्यंत 'पागी', तिथून तीनपर्यंत 'सियाङ', तीनपासून सूर्यास्तापर्यंत 'सोरे', नंतर 'मालाम'. 'सलामात मालाम' भेटतानाही चालतं आणि निघतानाही. 'सलामात तिदुर', म्हणजे झोपा सुखाने, हे फक्त घरच्यांना आणि जिवलगांना, वरिष्ठांना पाठवू नका.

अर्जाची किंवा औपचारिक ईमेलची अखेर ठरलेली आहे: 'आतास पर्हातियान बापाक, साया उचापकान तरीमा कासिह', आपण लक्ष दिलंत त्याबद्दल आभार. 'पर्हातियान'मध्येही तोच 'हाती' आहे. खाली 'होर्मात साया', म्हणजे 'आपला विनीत', आणि नाव. बरोबरीच्या माणसाला नुसतं 'सालाम'. तोंडी सादरीकरणाचा शेवट 'सकियान दान तरीमा कासिह', इतकंच, धन्यवाद.

व्हॉट्सॲपच्या गटातून न सांगता बाहेर पडणं उद्धट समजलं जातं. आधी 'इझिन पामित' लिहा, खाली माफीची एक ओळ घाला, दोन-चार जणांची 'इया, सुक्सेस सलालू' अशी उत्तरं येऊ द्या आणि मग गट सोडा.